फायनल फँटसी फोर्टीन: क्राफ्टरचा नवा संच घ्यावा का?

फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन खेळाबद्दलचा तुमचा प्रश्न असा आहे. आठही क्राफ्टर, म्हणजे वस्तू बनवणारे क्लास, १०० पातळीला पोचलेत. अंगावर स्क्रिप (क्राफ्टिंगच्या कामांतून मिळणारं चलन) देऊन घेतलेला कपडे-अवजारांचा संच आहे आणि जवळ ६० लाख गिल, म्हणजे खेळातले पैसे, आहेत. फ्री कंपनीतले (खेळातल्या गटातले) मित्र म्हणतात, बाजारातला नवा एचक्यू (उच्च दर्जाचा) संच घेऊन प्रत्येक वस्तूत पाच-पाच मटेरिया (वस्तूचे आकडे वाढवणारे खडे) बसवल्याशिवाय क्राफ्टिंगमध्ये कमाई नाही. तुमच्या सर्व्हरवर हा सगळा खर्च सव्वा कोटीच्या घरात जातोय. तुम्ही रोज संध्याकाळी तास-दीड तास खेळता, मुख्यतः खाद्यपदार्थ आणि औषधं बनवून विकता, अधूनमधून फर्निचर. तर उरलेले पैसे जमवून हा संच घ्यावा का?

माझं उत्तर: पूर्ण संच घेऊ नका. त्यातल्या चार-सहा वस्तू मात्र तुमच्या उपयोगाच्या ठरू शकतात. त्या कुठल्या हे ओळखायची पद्धत खाली सांगतो. ती एकदा हातात आली की पुढच्या प्रत्येक पॅचला (खेळाच्या नव्या आवृत्तीला) तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी मुळाशी जाऊ. लढणाऱ्या क्लासची गोष्ट सरळ असते. आयटम लेव्हल वाढली की प्रत्येक घाव थोडा जास्त बसतो, म्हणजे प्रत्येक वाढीचा थोडा तरी फायदा होतोच. क्राफ्टिंगमध्ये तसं होत नाही. इथे आकडा वाढतो, पण बऱ्याचदा हातात काहीच फरक पडत नाही, आणि मग एका ठिकाणी अचानक पडतो. मध्ये सपाटी आणि मग एक पायरी, अशी जिन्यासारखी रचना आहे. पैसे खर्च करायचे ते पुढच्या पायरीवर पाऊल पडणार असेल तरच.

हे आकड्यांत दाखवतो. क्राफ्ट्समनशिप या संचाच्या आकड्यावरून खेळ तुमची मूळ प्रोग्रेस ठरवतो, म्हणजे १०० टक्के क्षमतेच्या एका कृतीला किती प्रोग्रेस मिळते ते. समजा रेसिपी पूर्ण व्हायला ६६०० प्रोग्रेस लागते. सुरुवात नेहमीच्या कृतींनी: मसल मेमरी (३०० टक्के), मग व्हेनरेशन (प्रोग्रेस वाढवणारी बढती), मग ग्राउंडवर्क. मसल मेमरीची बढती आणि व्हेनरेशन दोन्ही लागू असल्यामुळे पहिलं ग्राउंडवर्क ३६० ऐवजी ९०० टक्क्यांचं पडतं. पुढचं प्रत्येक ग्राउंडवर्क व्हेनरेशनमध्ये ५४० टक्क्यांचं. म्हणजे मसल मेमरी आणि तीन ग्राउंडवर्क मिळून २२८० टक्के होतात. मूळ प्रोग्रेस २९० असेल तर ६६१२ होऊन रेसिपी पूर्ण. आता संच सुधारून तुम्ही २९० वरून ३२८ वर गेलात. काय बदललं? काहीही नाही. तेवढ्याच कृती, तेवढाच सीपी (कृतींवर खर्च होणारे गुण), तेवढीच टिकाऊपणाची झीज. ३२९ झाल्याबरोबर मात्र शेवटच्या ग्राउंडवर्कच्या जागी केअरफुल सिंथेसिस पुरतं. १८ ऐवजी ७ सीपी लागतो आणि टिकाऊपणा २० ऐवजी १० जातो. ३४४ ला तिथे बेसिक सिंथेसिस चालतं, त्याला सीपी लागतच नाही. आणि ३८० ला ती चौथी कृतीच गळते.

२९०, ३२९, ३४४, ३८०. पायऱ्या एवढ्याच. ३४४ वरून ३७९ वर जायला तुम्ही ४० लाख मोजलेत, तर त्या रेसिपीच्या प्रोग्रेसपुरते ते ४० लाख पाण्यात गेले. उलट ३२५ वर असाल तर एक साधं मटेरिया किंवा एक ताट जेवण तुम्हाला पुढच्या पायरीवर नेतं. वाचलेला १० टिकाऊपणा किरकोळ समजू नका. टिकाऊपणा भरून देणाऱ्या मास्टर्स मेंडला ३० टिकाऊपणासाठी ८८ सीपी पडतो, म्हणजे १० ची किंमत जवळजवळ ३० सीपी झाली. त्यात ११ सीपी प्रत्यक्ष वाचलेला. एवढ्यात दोन इनोव्हेशन (क्वालिटी वाढवणारी बढती) जास्तीची बसतात आणि वर थोडं उरतं.

सीपीचंही असंच तुकड्यातुकड्यांचं गणित आहे. क्वालिटीच्या कृती बघा: ग्रेट स्ट्राइड्स ३२, इनोव्हेशन १८, प्रिपरेटरी टच ४०. रोटेशनच्या (कृतींच्या ठरलेल्या क्रमाच्या) शेवटी तुमच्याकडे ५ सीपी उरत असतील, तर आणखी ८ सीपी मिळून १३ होतात आणि तेही तसेच पडून राहतात. आणखी १३ मिळाले तर १८ होतात आणि एक इनोव्हेशन बसतं. कंट्रोल, म्हणजे क्वालिटी ठरवणारा आकडा, थोडा वेगळा. त्याची वाढ प्रत्येक टचमध्ये (क्वालिटी भरणाऱ्या कृतीत) दिसते, त्यामुळे तिथे सपाटी जाणवत नाही. पण त्याला वरून छत आहे. क्वालिटी पूर्ण भरली की त्यापुढचा कंट्रोल निरुपयोगी. कलेक्टेबलच्या (स्क्रिपच्या बदल्यात द्यायच्या वस्तूंच्या) बाबतीत तर सगळ्यात वरचा टप्पा गाठला की पुढच्या क्वालिटीला एक स्क्रिपही जास्त मिळत नाही.

म्हणून ‘संच घ्यावा का’ यापेक्षा ‘मला कुठली रेसिपी बनवायची आहे आणि ती आत्ता कुठे अडते’ हे आधी पाहायचं. तुमच्या यादीतल्या वस्तू एकेक करून बघा.

फर्निचर आणि जुन्या काळातले हौसेचे कपडे यातला मोठा भाग ९० किंवा त्याखालच्या पातळीचा असतो. तुम्ही १०० ला असल्यामुळे तिथे ट्रेन्ड आय चालतं. पहिल्याच कृतीत २५० सीपी देऊन क्वालिटी पूर्ण, मग प्रोग्रेसच्या एक-दोन कृती आणि वस्तू तयार. या कामाला तुमचा आत्ताचा स्क्रिपचा संच पुरून उरतो. नव्या संचाने इथे कमाईत काहीच भर पडणार नाही. माझ्या ओळखीत वर्षानुवर्षं फक्त अशाच वस्तू विकून घर, माउंट सगळं घेतलेले खेळाडू आहेत, आणि त्यांच्या अंगावर कधीच सगळ्यात वरचा संच नसतो.

१०० पातळीच्या साध्या, बिनताऱ्यांच्या (तारे अवघडपणा दाखवतात) रेसिपी स्क्रिपच्या संचावर जेवण खाऊन आरामात एचक्यू निघतात. इथेही अडचण नाही.

खरी अडचण ताऱ्यांच्या रेसिपींची. त्यांची मास्टर बुकं स्क्रिप देऊन घ्यावी लागतात, आणि त्यातल्या काहींना किमान क्राफ्ट्समनशिप आणि कंट्रोलची अट असते. तेवढे आकडे नसतील तर रेसिपी सुरूच होत नाही. ही अट म्हणजे सर्वांत पक्की पायरी, त्यामुळे पहिल्यांदा तीच तपासा. क्राफ्टिंग लॉगमध्ये रेसिपीखाली लिहिलेली असते. तुम्हाला रेडर्ससाठीचं (अवघड सामूहिक लढाया करणाऱ्यांसाठीचं) नवं जेवण आणि औषधं बनवायची आहेत, तर त्या दोन-चार रेसिपी उघडून बघा. अट पूर्ण होत असेल तर टीमक्राफ्ट या संकेतस्थळाच्या सिम्युलेटरमध्ये तुमचे आकडे, जेवण आणि रेसिपी घालून क्वालिटी कुठवर जाते ते बघा. त्याला दहा मिनिटं लागतात आणि लाखो गिल वाचतात.

समजा सिम्युलेटर सांगतो की क्वालिटी ८५ टक्क्यांवर थांबतेय. लगेच संचाकडे धावू नका. आधी कच्चा माल बघा. एचक्यू साहित्य घातलं की रेसिपी रिकाम्या क्वालिटीपासून सुरू होत नाही, काही भाग आधीच भरलेला मिळतो. मधल्या पायरीच्या वस्तू एचक्यू बनवून ठेवल्यात तर तुमची कमतरता तिथेच भरून निघेल. दुसरं म्हणजे जेवण. क्राफ्टरच्या जेवणाने कंट्रोल, सीपी किंवा क्राफ्ट्समनशिप टक्क्याने वाढते, अर्थात ठरावीक मर्यादेपर्यंत. एचक्यू ताट घेतलं तर फरक आणखी मोठा. (२०२१ च्या एंडवॉकर या खेळाच्या विस्तारात थावनेर हे बेट आलं. ते भारतावरून घडवलेलं आहे, आणि त्या विस्तारात पदार्थांच्या यादीत ‘झिंगा बिर्याणी’ आली. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.) तिसरं, स्पेशालिस्ट. तीन क्लासना तुम्ही स्पेशालिस्ट करू शकता. प्रत्येकाला २० क्राफ्ट्समनशिप, २० कंट्रोल आणि १५ सीपी मिळतो. तुम्ही जेवण आणि औषधं विकता, तर क्युलिनेरियन (आचारी) आणि अल्केमिस्ट (औषधं बनवणारा) हे दोन स्पेशालिस्ट असलेच पाहिजेत. नसतील तर आजच करा. तो १५ सीपी बाजारात मटेरियाच्या रूपात घ्यायला गेलात तर बराच महाग पडतो.

एवढं करून क्वालिटी ९५ च्या पुढे जात असेल तर थांबा. एचक्यूची शक्यता शेवटच्या टप्प्यात झपाट्याने वाढते, आणि दहातली एखादी वस्तू साधी निघाली तरी तुमचं गणित बिघडत नाही.

आता मटेरियाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण पैसा तिथेच सगळ्यात जास्त जळतो. बाजारातल्या संचात कपड्यांना आणि अवजारांना दोन खात्रीचे स्लॉट असतात, दागिन्यांना एक. त्यापुढचे पाचापर्यंतचे ओव्हरमेल्ड. त्यात अपयश आलं तर मटेरिया नष्ट होतं. वरच्या ग्रेडसाठी यशाची शक्यता पहिल्या ओव्हरमेल्डला १७ टक्के, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ७ आणि चौथ्याला ५. सरासरी काढली तर अनुक्रमे सहा, दहा, चौदा आणि वीस मटेरिया लागतात. म्हणजे कपड्याच्या एका तुकड्याला ओव्हरमेल्डसाठी सुमारे ३० आणि एका दागिन्याला सुमारे ५०.

पाच कपडे आणि पाच दागिने आठही क्लासना सामायिक असतात. त्या दहा वस्तूंचेच ओव्हरमेल्ड सरासरीने ४०० मटेरिया खातात. अवजारं मात्र प्रत्येक क्लासची वेगळी: शिंप्याची सुई, सुताराची करवत, आचाऱ्याची कढई, आणि प्रत्येकाचं एक दुय्यम अवजार. आठ क्लासची सोळा अवजारं झाली, त्यांना आणखी ४८० च्या आसपास. तुम्हाला सव्वा कोटी सांगणाऱ्यांनी हे सगळं धरलेलं असणार. पण तुम्ही विकता दोन क्लासचा माल! दहा सामायिक वस्तू आणि चार अवजारं, एवढाच तुमचा प्रश्न आहे. बारा अवजारांचा खर्च तर इथेच गळला.

सरासरीवर फार विसंबू नका हेही सांगतो. ५ टक्क्यांच्या स्लॉटला सरासरी वीस लागतात म्हणजे विसाव्याला बसतंच असं नाही. वीस प्रयत्नांनंतरही रिकामं राहण्याची शक्यता ३६ टक्के आहे, पन्नासनंतरही जवळपास ८ टक्के. शॅडोब्रिंगर्स या जुन्या विस्ताराच्या काळात माझ्या एका अंगठीच्या पाचव्या स्लॉटमध्ये ६० हून जास्त मटेरिया गेली. त्या आठवड्यातली सगळी कमाई तिथे संपली. नंतर रोटेशन परत तपासलं तेव्हा कळलं, त्या शेवटच्या स्लॉटमधल्या सीपीशिवायही माझी रेसिपी पूर्ण भरत होती. तेव्हापासून मी दागिन्यांचा शेवटचा स्लॉट रिकामा ठेवतो. पाच दागिन्यांचे शेवटचे पाच स्लॉट सरासरी १०० मटेरिया खातात. एवढा खर्च करून एखाद्या पायरीच्या अलीकडेच राहायचं असेल तर तो का करायचा?

सर्वांत वरचा ग्रेड फक्त खात्रीच्या स्लॉटमध्ये आणि पहिल्या ओव्हरमेल्डमध्ये बसतो. त्यापुढे एक ग्रेड खालचं मटेरिया वापरावं लागतं, त्यामुळे जसजसे पुढे जाता तसतसा मिळकतीचा आकडा लहान आणि खर्च मोठा होत जातो. शिवाय प्रत्येक वस्तूला प्रत्येक आकड्याची कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की उरलेलं वाया जातं. मटेरिया लावायच्या खिडकीत हे स्पष्ट दिसतं, पण घाईत नजर जात नाही.

आणखी एक. बाजारातला संच एकदा अंगावर चढला की तो परत विकता येत नाही. त्यामुळे ‘बघू, नाही जमलं तर विकून टाकू’ हा विचार इथे चालत नाही. चुकून घातलेली एक वस्तूही कायमची तुमचीच.

तर मग घ्यायचं काय? माझा क्रम असा. आधी क्युलिनेरियन आणि अल्केमिस्टची मुख्य अवजारं. मुख्य अवजारात क्राफ्ट्समनशिप आणि कंट्रोल दोन्हीचा मोठा वाटा असतो, त्यामुळे एका वस्तूत पायरी ओलांडायची शक्यता इथे सर्वांत जास्त. त्यात खात्रीचे दोन स्लॉट भरा आणि फक्त पहिला ओव्हरमेल्ड. मग सिम्युलेटरमध्ये परत बघा. तरी कमी पडत असेल तर दुय्यम अवजारं, आणि मग कपड्यांतला एखादा तुकडा. प्रत्येक खरेदीनंतर परत तपासायचं. मी पाहिलेल्या बहुतेक लोकांची रेसिपी चौथ्या-पाचव्या वस्तूवरच पूर्ण भरते, आणि उरलेला संच केवळ यादी पुरी व्हावी म्हणून घेतला जातो.

मटेरिया विकत घेण्याआधी अंगावरच्या संचाचा स्पिरिटबॉन्ड बघा. काम करताना तो आपोआप वाढतो, आणि १०० टक्के झाला की त्यातून मटेरिया काढता येतं, वस्तू तशीच राहते. तुम्ही रोज तासभर क्राफ्ट करता, म्हणजे खात्रीचे स्लॉट भरण्यापुरतं मटेरिया घरच्या घरी मिळेल. स्क्रिपनेही मटेरिया घेता येतं. स्क्रिपची मर्यादा ४०००, त्यामुळे साठवून न ठेवता वापरत जा. कस्टम डिलिव्हरीच्या (ग्राहकांना वस्तू देऊन स्क्रिप मिळवायच्या) आठवड्याला बारा खेपा असतात, एका ग्राहकाला जास्तीत जास्त सहा. त्या चुकवू नका.

वेळेचा मुद्दा तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण इथे सुधारलेल्या संचाचा एक फायदा असा आहे जो किमतीत दिसत नाही. खेळाच्या मॅक्रोत (एका बटणावर ओळीने कृती करवणाऱ्या यादीत) १५ ओळी बसतात. सव्वीस ओळींचं रोटेशन असेल तर दोन मॅक्रो लागतात, म्हणजे प्रत्येक वस्तूला मध्येच परत बटण दाबायला हजर राहायचं. कृतीला साधारण तीन सेकंद, बढतीला दोन. पायरी ओलांडून तुम्ही चार कृती कमी केल्यात, तर शंभर वस्तूंमागे वीस मिनिटांच्या आसपास वाचतात. रोटेशन १५ ओळींत बसलं तर एकच बटण. संध्याकाळी तासभर मिळणाऱ्या माणसाला ही वीस मिनिटं कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाची. म्हणून सिम्युलेटरमध्ये क्वालिटीबरोबर कृतींची संख्याही बघत जा. मॅक्रो हे खेळातलंच साधन आहे. आपोआप क्राफ्ट करणारी बाहेरची प्लगिनं नियमांत बसत नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बाजाराची वेळही धरा. नवा पॅच साधारण मंगळवारी, आपल्याकडे दुपारी साडेतीनच्या सुमारास उघडतो. सगळ्यात मोठा नफा पहिल्या काही तासांत असतो, आणि भारतातून खेळणारे आपण बहुतेक जण तेव्हा कामावर असतो. पूर्ण पेंटामेल्ड (पाचही मटेरिया बसवलेला) संच ज्यांना खरोखर परवडतो ते त्या पहिल्या तासांवर जगतात. संच आधीच तयार, साहित्य रिटेनरकडे (खेळातल्या नोकराकडे) साठवलेलं, पॅच उघडला की पंधरा मिनिटांत माल बाजारात. तुम्ही रात्री नऊला येता तोवर किंमत खाली आलेली असते. त्यांचा हिशोब बरोबर आहे, पण तो तुमचा नाही. तुमची कमाई त्यानंतरच्या आठवड्यांत, सॅव्हेज रेड (अवघड सामूहिक लढाया) चालू असताना रोज खपणाऱ्या जेवणात आणि औषधांत आहे. एका वेळी तीन ताटं तयार होतात, एका ताटाचा परिणाम अर्धा तास टिकतो, आणि रेडर्स रोज संध्याकाळी दोन-तीन तास झगडतात. ही मागणी शांत आणि भरवशाची असते. युनिव्हर्सालिस या बाजारभावाच्या संकेतस्थळावर तुमच्या सर्व्हरची विक्री बघा. नुसती किंमत नको, दिवसाला किती नग खपतात ते बघा. साहित्य स्वस्त असेल तर शेजारच्या वर्ल्डवरून (सर्व्हरवरून) आणता येतं, विक्री मात्र आपल्याच वर्ल्डवर होते.

परतफेडीचा हिशोब असा मांडा. पहिल्या दोन अवजारांना मटेरियासकट समजा १५ लाख लागले. त्याने आधी बनत नसलेली एक रेसिपी बनू लागली आणि एका नगामागे साहित्य व कर वजा जाता २,००० गिल सुटतात. तर ७५० नग विकल्यावर पैसे परत. रोज ३० नग खपत असतील तर २५ दिवस. पुढचा संच यायला चार महिने असतील तर घ्या. तीन-चार आठवडेच उरले असतील तर अजिबात घेऊ नका, नवा संच येऊ द्या. पूर्ण संचाचे सव्वा कोटी याच वेगाने सात महिने घेतील, तोपर्यंत तो संच जुना झालेला असेल.

फ्री ट्रायलवर असलेल्यांनी हा सगळा विचार बाजूला ठेवावा. तिथे मार्केट बोर्ड (खेळातला बाजार) नाही आणि गिलची मर्यादा ३ लाख आहे, त्यामुळे मटेरियावर खर्च केलेला पैसा परत यायला मार्गच नाही.

पूर्ण पेंटामेल्ड संच घ्यायला मी कधी सांगेन? तुम्ही आठही क्लासचा वरचा माल विकत असाल, पॅचच्या दिवशी सुटी काढत असाल, किंवा एक्स्पर्ट रेसिपी हाताने बनवायची आवड असेल तेव्हा. त्या रेसिपींत कंडिशन सतत बदलते, मॅक्रो चालत नाही, आणि हाताशी असलेला जास्तीचा प्रत्येक सीपी तिथे चूक सावरायला उपयोगी पडतो. मला स्वतःला ते फार आवडतं, आणि त्यासाठी मी खर्च केला आहे. तो खर्च परत येणार नाही हे माहीत असूनच केला.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच: दोन्ही क्लास स्पेशालिस्ट करा, तुम्हाला विकायच्या तीन रेसिपींच्या अटी लिहून काढा, एचक्यू जेवण धरून सिम्युलेटर चालवा. कुठली रेसिपी किती आकड्यांनी अडते ते लिहून पाठवलंत, तर कढई आधी घ्यायची की अल्केमिस्टचं अवजार, ते नेमकं सांगता येईल.